स्पेनला निघालेलं नाव

गजभियांच्या घरातून कोणी परगावी निघालं की आधी भांडण आणि मग शिदोरी, हा क्रम ललिताच्या बापाच्या, दुलीचंदच्या, हयातीपासून चालत आलेला. त्यामुळं रविवारी सकाळी माणसं जमायला लागली, तशी ललितानं आधी मनाची तयारी केली आणि मग चहाचं आधण ठेवलं. गुरुवारी नागपूरहून विमान होतं. बारा आठवडे स्पेनमधल्या सालामांका नावाच्या गावात राहून स्पॅनिश शिकायचं, तेही मास्तरकीतून रिटायर झाल्यावर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. बालाघाटातले लोक हे ऐकून आधी हसले, मग त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि व्हिसा आल्याचं कळल्यावर सत्कार करायला निघाले.

सत्काराची हौस धाकट्या भावाची, धम्मपालची. बिजली ऑफिसात बाबू असलेल्या धम्मपालनं वॉर्डातली चार माणसं हाताशी धरून तिच्या फाटकावर भलंमोठं फ्लेक्स लावलं होतं. त्यात तिचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो, आणि त्या फोटोत ती हरवलेल्या माणसाची तक्रार द्यायला ठाण्यात आल्यासारखी दिसत होती. खाली हिंदीत लिहिलं होतं, 'स्पेन देश में अध्ययन हेतु प्रस्थान पर आयु. ललिता रामटेके मैडम को हार्दिक मंगलकामनाएँ.' नाव सगळ्यांत मोठ्या अक्षरात, निळ्या रंगात. रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येत होतं.

"ताई, फोटोत मानसानं जरा हासाव," धम्मपाल म्हणाला.

"पासपोर्टच्या फोटोत हासू देत नाही गा."

मधल्या खोलीत सूटकेस उघडी पडली होती आणि तिच्यावरून दोन बायकांची ओढाताण चालली होती. धम्मपालची बायको राखी एक वस्तू आत घाली आणि ललिताची लेक रचना दोन बाहेर काढी. चिन्नोरचे तांदूळ, लाखोळीची डाळ, वाळवलेल्या वड्या. राखीनं गेले दोन महिने नणंदेची यथेच्छ थट्टा केली होती. म्हातारपणी इस्कूल म्हणजे दात पडल्यावर चणे, असं ती विहारातल्या बायकांना सांगत फिरायची. पण शिदोरीच्या बाबतीत ती कोणाचं ऐकणाऱ्यांतली नव्हती.

"मामी, तेवीस किलो म्हंजे तेवीस. ज्यादा हुआ तो वहीं निकाल देंगे," रचना म्हणाली. ती नागपुरात नोकरीला होती आणि घाईत असली की हिंदीतच बोलायची.

"तेवीस किलोत मानूस तीन महिने जगते का वो? कपडे काढ तिचे. कपडे काय खाईल थे?"

ललितानं दोघींकडं पाहिलं आणि चहा ठेवून गेली.

तिला स्पॅनिशचं वेड का लागलं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. रिटायर झाल्यावर आई घरात बसून कुढत राहील, या काळजीनं रचनानं लॅपटॉपवर शिकवणी लावून दिली. कुठलीही भाषा निवड म्हटल्यावर हिनं यादीतली तिसरी निवडली, इतकं ते सहज झालं. पहिल्या दिवशी पडद्यावर एक पोरगेली शिक्षिका आली. 'मे यामो' म्हणजे 'माझं नाव', एवढं शिकवून तिनं एकेकाला विचारलं. ललिता म्हणाली, "मे यामो ललिता." शिक्षिका हसली, मान डोलावली आणि पुढच्या विद्यार्थ्याकडं वळली.

ललिता तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिली. अडतीस वर्षांच्या नोकरीत जिथं जिथं बदली झाली, तिथं पहिल्याच दिवशी कोणीतरी गोड आवाजात विचारायचंच, "मैडम, पूरा नाम?" आडनाव कळलं की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी निवळायचं, त्याचं काम झालेलं असायचं. दुसऱ्या दिवसापासून तिचा कप वेगळा. हे हिंदीत झालं होतं, मराठीतही झालं होतं. या भाषेत मात्र तिला नुसतं नाव विचारलं आणि तेवढ्यावर सोडून दिलं. शिकवणी संपल्यावर ती न्हाणीत जाऊन रडली होती. अशा भाषेच्या गावात तीन महिने राहायचं, हे तिनं त्या दिवशीच ठरवलं.

पण त्या पहिल्याच वाक्यात एक खोट होती. ती आता जगात तीनच माणसांना ठाऊक होती: तिला स्वतःला, धम्मपालला आणि थोरल्या बहिणीला.

दहाच्या सुमाराला बोलेरो फाटकाशी थांबली. तिरोडीहून थोरल्या बहिणीचा लेक महेंद्र आईला घेऊन आला होता. शांताबाई ही भावंडांत थोरली, ललिता तिला 'बाई' म्हणायची. दोन वर्षांपासून नसांच्या आजारानं तिला घेरलं होतं. आधी हात कापायला लागले, मग मान, मग जीभ जड झाली. आता ती दिवसाला दहा-बारा शब्द बोलायची, तेही एकेक ओढून काढल्यासारखे. महेंद्रनं तिला दोन्ही हातांवर उचलून खाली घेतलं आणि फाटकातच थांबला, कारण आईनं त्याचा सदरा ओढून धरला होता. ती फ्लेक्सकडं पाहत होती. मान हलत होती, पण डोळे ओळीवरून सरळ चालले होते. निळ्या अक्षरांशी येऊन ते थांबले.

ललिता पायरीवर उभी होती. बाई वाचते आहे, हे तिथं फक्त तिला कळलं.

"बाई, आत चाल. ऊन हाये," ती म्हणाली.

शांताबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि सदरा सोडला.

जेवायला सगळे ओसरीत बसले. पाटोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, भात. शांताबाईला मधल्या खोलीत खाटेवर टेकवून ठेवलं होतं, दार उघडंच होतं. महेंद्र आणि धम्मपाल, हे मामा-भाचे, रचनाच्या लग्नात मानपानावरून बिनसल्यापासून एकमेकांशी मोजकंच बोलत. आज मात्र महेंद्रनं दुसरा घास घेण्याआधीच तोंड उघडलं.

"मामा, फ्लेक्स चांगलं झालं."

"झालं ना? पोट्ट्यानं डिझाइन केलं."

"थेच फ्लेक्स दोन महिन्यांनी कामी येईल. फोटो तेवढा बदलाव लागन."

धम्मपालचा हात ताटात थांबला. "काय बोलून राह्यला रे?"

"डॉक्टरनं सांगतलं. परवा गोंदियाले नेलतो मायले. गिळनं बंद होत चाल्लं म्हने. दोन महिने. लय झालं त अडीच." त्यानं ललिताकडं वळून पाहिलं. "मावशी कवा येते म्हनता वापस? तीन महिन्यानं?"

राखीनं वाढायचा डाव पातेल्यात ठेवला.

धम्मपाल हा वाऱ्याबरोबर पाठ फिरवणारा माणूस. सकाळपासून जो सत्काराच्या गोष्टी करत होता, त्यानं घसा खाकरला. "ताई, मंग तारीख पुढं ढकल ना. स्पेन काय पयून चाल्लं का?"

"मामा, ऐसा नहीं होता," रचना म्हणाली. "व्हिसाची तारीख असते. ही बॅच गेली की गेली. फिर से सब शुरू से."

"मंग सुरुपासून करू. मानूस सुरुपासून येत नसते, पोरी."

रचनानं आईकडं पाहिलं. आतापर्यंत तीच आईची खरी पाठराखीण होती. फॉर्म तिनं भरले, मुलाखतीला मुंबईला तीच घेऊन गेली. पण तिचेही डोळे आता उघड्या दाराकडं गेले, आणि आवाज खाली आला. "मम्मी... मोठीमायचं असं असेल तर मग... तू बघ बाबा. मैं क्या बोलूँ."

ललितानं भात कालवला आणि तसाच ठेवला. एकेक करून सगळे महेंद्रच्या बाजूचे झाले होते. आपणही त्याच बाजूला जावं, असं तिला वाटलं. सोपं होतं ते. शहाणी बाई, समजूतदार बाई, असं लोक म्हणाले असते.

आणि तेवढ्यात, जिनं दोन महिने हसून हसून जीव खाल्ला, ती राखी बोलली.

"जाऊ द्या तिले."

"तू गप राय," धम्मपाल म्हणाला.

"काहून गप राहू? मी या घरात आली तवापासून पाह्यतो. सासूचं दुखनं हिनं काढलं, सासऱ्याचं हिनं काढलं. हिचे मालक गेले तवा आठव्या दिवशी शाळेत उभी होती. आता सोतासाठी एक गोस्ट मांगली त तुमाले बाईची याद आली का? बाईजवळ मी जाऊन राह्यतो तिरोडीले. पेज पाजतो, हागनंमुतनं करतो. सांग महेंद्र, चालन का?"

"मामी, पानी पाजाले मानसं हायेत माह्या घरी." महेंद्रचा आवाज चढला. "माह्या मायले मावशी पाह्यजे. इतली वर्षं हिची वाट पाह्यली तिनं. मावशी येते दिवाळीले एक डाव, साडी देते, चाल्ली जाते. एका पोटच्या बहिनी ना? एक शाळेत शिकली, मास्तरीन झाली, आता इमानात बसून चाल्ली. अन् माही माय जिंदगीभर दगडं फोडत राह्यली. अंगठाछाप. काय दिलं हो मावशी तुमी तिले? सांगा ना."

"तुही माय अंगठाछाप नाही," ललिता म्हणाली.

"काय?"

"पाचवी पास हाये थे. पहिल्या नंबरानं."

"ताई!" धम्मपाल अर्धा उठला. "ताई, जेव तू. महेंद्र, भात घे रे."

"बसून राय धम्मा." ती शाळेतल्या आवाजात म्हणाली, आणि धम्मपाल सत्तावन्न वर्षांचा असूनही बसला.

मग ललितानं सांगितलं. सांगताना ती ताटाकडंच पाहत होती.

दुलीचंदची बायको, म्हणजे या तिघांची आई, तिरोडीच्या पलीकडं एका ठेकेदाराच्या खदानीत मँगनीज निवडायला जायची. बायका ओळीनं बसून हातोडीनं दगड फोडायच्या आणि काळा माल वेगळा काढायच्या. थोरलीनं पाचवीची परीक्षा दिली, त्या उन्हाळ्यात आईचा हात दगडाखाली सापडला. आईची हजेरी चुकली तर ती जागा दुसरीला जाणार होती. त्या खदानीत ठेकेदाराचा मुन्शी तोंडाकडं पाहायचा नाही, नाव पुकारायचा आणि ओ आली की खूण करायचा. तेव्हा अकरा वर्षांची थोरली आईच्या नावावर जाऊन बसली. मुन्शीनं आईचं नाव पुकारलं की ही ओ द्यायची. अशा पोरी त्या ओळीत आणखीही होत्या, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

इकडं थोरलीच्या नावावर बालाघाटच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मंजूर होऊन आली होती. पहिला नंबर होता ना. ती जागा वाया जाईल म्हणून दुलीचंद सैरभैर झाला. धाकटी नऊ वर्षांची. तिचं नाव पटावर चढलेलंच नव्हतं, ती नुसती बहिणीच्या मांडीला मांडी लावून वर्गात बसायची. पण बहीण जे जे पाठ करी, ते ते हिलाही पाठ. एका दुपारी बापानं तिला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि थोरलीचा दाखला खिशात घातला. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, सहावीची पोरगी इतकी बुटकी कशी? बाप म्हणाला, "खात नाही जी."

"माहं नाव दुरपता," ललिता म्हणाली. "थे नाव कोन्या कागदावर नाही. ललिता दुलीचंद गजभिये हे तुही माय हाये, महेंद्र. हुशार थे होती. लगन झालं तवा सासरच्याइनं तिचं नाव शांता ठेवलं. मंग त ललिता म्हनाले कोनीच राह्यलं नाही."

रचना आईकडं अनोळखी बाईकडं पाहावं तशी पाहत होती. "मम्मी, मग तुझं वय?"

"एकसष्ट."

"ताई, भिताडाले कान राह्यतात," धम्मपाल कुजबुजला. "तुही पेन्शन हाये. पासपोर्ट हाये. असं चारचौघात..."

"चारचौघ कोन हायेत अठी? आपनच त हावो."

महेंद्रनं हातातला घास ताटात टाकला. मग ताट बाजूला सारून उठला. "म्हंजे मास्तरीन माही माय होती," एवढंच म्हणाला आणि हात न धुता बाहेर जाऊन गाडीत बसला.

ललिता वाटीत पेज घेऊन मधल्या खोलीत गेली. दार उघडं होतं, बाईनं सगळं ऐकलं असणार. तिचे कान अजून शाबूत होते. खाटेच्या शेजारी ती उघडी सूटकेस, तिच्यावर राखीच्या तांदळाची पुडी.

तिनं बाईच्या मानेखाली हात घालून पहिला चमचा दिला. अर्धी पेज ओठाच्या कडेनं बाहेर आली, ती पदरानं पुसली. दुसरा चमचा गिळायला बाईला इतका वेळ लागला, की ललितानं स्वतःचाच श्वास धरून ठेवला. दोन महिने, असं ओसरीत ऐकणं वेगळं होतं. इथं ते डोळ्यांना दिसत होतं. पुन्हा भेट होणार नाही, हे तिला अगदी साध्या हिशेबासारखं कळलं.

"नाही जात मी बाई," ती म्हणाली. "राह्यतो तुह्याजवळ. काय करू थ्या स्पेनचं?"

शांताबाईनं डोळे मिटले, उघडले. मग शब्द गोळा करायला लागली. ते पाहवत नसे, पण मध्ये बोललेलं तिला खपत नसे.

"पह्यलं... काय... शिकोलं?"

"कुठी? थ्या भाषेत? पह्यलं नाव सांगाले शिकोतात, बाई."

"कोनाचं?"

ललितानं चमचा वाटीत ठेवला.

"माहं?" शांताबाईनं विचारलं.

"हौ, बाई. तुहं."

बाईच्या चेहऱ्यावर काय आलं, ते आजारानं ओढलेल्या त्या चेहऱ्यात ओळखणं कठीण होतं. राग असावा असं ललिताला आधी वाटलं. ती रागाला तयारच होती, बावन्न वर्षं तयार होती. खदानीच्या सुट्टीच्या दिवशी, काळे झालेले हात मागं लपवून वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहिलेली बाई तिनं पाहिली होती. चार आण्याचे फुटाणे देऊन ती जायची आणि कधी आत यायची नाही. आत का येत नाहीस, असं हिनं एकदाही विचारलं नव्हतं. आत सगळ्या पोरी हिला ललिता म्हणत, आणि बाईच्या कानावर ते पडू नये असं तिला वाटायचं.

"जा," शांताबाई म्हणाली. तो शब्द बऱ्यापैकी स्पष्ट आला. पुढचे ओढून काढावे लागले. "पन... माहं नाव... अठीच ठेव."

"कसं ठेवू बाई? पासपोर्टवर थेच हाये. तिकिटावर थेच. मी काय..."

बाईचा हात चादरीवर आपटला. "कागद... नोको." तिला धाप लागली. ललितानं पाठीवरून हात फिरवला. "हाक... मार. एक... डाव."

एवढंच मागणं होतं. आईबाप गेले, शाळेतल्या मैत्रिणी कुठल्या कुठं गेल्या, धम्मपाल तर तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. बाईला त्या नावानं हाक मारू शकेल असं पृथ्वीच्या पाठीवर एकच माणूस उरलं होतं. ललितानं ओठ उघडले. पण थोरल्या बहिणीला एकेरी नावानं हाक मारायची तिच्या जिभेला सवय नव्हती, आणि हे तर तिचं स्वतःचं नाव. हजेरीच्या रजिस्टरात, मास्तरांच्या तोंडी, नवऱ्याच्या तोंडी, रचनाच्या जन्माच्या दाखल्यावर, सगळीकडं तिनं तेच वापरून वापरून मऊ केलेलं. ते तोंडातून बाहेर काढून दुसऱ्याला द्यायला ती धजेना. "बाई," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "बाई." आणि रडायला लागली. शांताबाईनं वाट पाहिली, मग तोंड भिंतीकडं केलं.

महेंद्र आत आला. डोळे तांबडे होते, पण आवाज शांत होता. "निंघतो मावशी. उजेड हाये तोवर पोचाव लागते. रस्ता खराब हाये."

त्यानं आईला उचललं. इतकी हलकी झाली होती, की त्याला वाकावंही लागलं नाही. राखीनं उशी आणि पेजेचा डबा गाडीत नेऊन ठेवला, परवा येतो म्हणून सांगितलं, आणि या वेळी महेंद्रनं नाही म्हटलं नाही. धम्मपाल आणि महेंद्र गाडीपाशी दोन मिनिटं उभे राहिले. धम्मपालनं भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं राहू दिला.

चादर राहिली म्हणून महेंद्र परत आत आला. ललिता खाटेपाशीच उभी होती. तो तिच्याकडं न पाहता चादरीची घडी घालू लागला.

"पासपोर्टवर माह्या मायचं नाव हाये म्हनता?"

"हौ रे."

"मंग जा तुमी." त्यानं घडी काखेत धरली. "कागदावर त जाईल माही माय कोठी. खदान अन् तिरोडी सोडून तिनं काय पाह्यलं?"

तो गेला. ललिताला त्याच्या मागं धावावंसं वाटलं, पण दारापर्यंत जाऊन ती थांबली. बाई म्हणत होती नाव इथं ठेव, लेक म्हणत होता घेऊन जा. दोघांचंही खरं होतं, आणि ते नाव तर तिचं नव्हतंच. तिचं जे होतं ते दुरपता, आणि ते बाप सायकलवरून घेऊन गेला त्या दिवसापासून कुठं पडलं होतं कोण जाणे.

बाहेर बोलेरो सुरू झाली. सत्काराला म्हणून वॉर्डातल्या सात-आठ बाया फाटकाशी जमल्या होत्या. विहारातल्या संघमित्राबाई हातात फुलांचा हार घेऊन उभ्या होत्या. गाडी मागं सरकली, वळली. खिडकीच्या काचेपलीकडं बाईचं डोकं हलत होतं.

ललिता पायऱ्या उतरली. चप्पल घालायचं राहिलं. बायांच्या मधून वाट काढत ती रस्त्यावर आली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात तिनं हाक मारली.

"ललिता!"

बाया दचकल्या आणि सगळ्याजणी तिच्याकडंच पाहू लागल्या. संघमित्राबाईंचा हार हातातच राहिला. मॅडम स्वतःच्याच नावानं हाका मारतात, हे काय नवीन? आता मॅडम काहीतरी बोलतील, हसतील, म्हणून त्या थांबल्या.

"ललिता! वो ललिता!"

महेंद्रनं गाडी थांबवली. काच खाली आली. कापणारा एक हात बाहेर आला, आणि जिला एकेक शब्द गोळा करावा लागत होता, तिची लांबलचक, खणखणीत ओ आली.

"ओ!"